फियाटची चौकशी

भिंगार,
२९ ऑक्टोबर १९९६

प्रिय शुभा,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. सातवा लागला, तब्येत चांगली आहे आणि वॉर्डातल्या तुझ्या मैत्रिणी तुला साधी सलाईनची बाटलीसुद्धा उचलू देत नाहीत, हे वाचून जीव भांड्यात पडला. येत्या रविवारी पप्पा तुला बाळंतपणासाठी घरी आणायला येणार, हे तर तुझ्या लग्नातच ठरलं होतं. मांडवात सगळ्यांसमोर ते जावयांना, भीमराजांना, म्हणाले होते, ‘पहिल्या खेपेला लेकीला मी माझ्या गाडीतून नेणार, तुम्ही मध्ये पडायचं नाही.’ मला मात्र गेला महिनाभर एकच प्रश्न छळत होता. त्या गाडीतून तुला आणायचं का? फोनवर हे बोलता येत नाही, कारण फोन पप्पांच्या खुर्चीशेजारी आणि पप्पा फोनशेजारी. आता ते विहारात गेले आहेत, दोन तास तरी येणार नाहीत, म्हणून लिहायला बसले. सावकाश सांगते. मधली पानं उलटून आधी शेवट वाचू नकोस, तुला ती लहानपणापासूनची खोड आहे.

गाडीच्या आत काय चाललंय हे जाणून घ्यायची मला केव्हापासून हौस, ते तुला कधी सांगितलं नाही वाटतं. माझे दादा, म्हणजे तुझे आजोबा, कॉन्व्हेंटच्या सिस्टरांची स्टेशन वॅगन चालवायचे. ड्रायव्हरची मुलगी म्हणूनच मला त्या शाळेत जागा मिळाली. वर्गात मी फार प्रश्न विचारते म्हणून सिस्टर बर्नडेट मला ‘मी मध्ये बोलणार नाही’ हे वाक्य इंग्रजीतून शंभर वेळा लिहायला लावायच्या. माझ्या वळणदार अक्षराचं सगळे कौतुक करतात, ते त्या शिक्षांचं फळ. शाळा सुटली की मी पळत दादांकडे जायची. तिथं प्रश्नांना बंदी नव्हती. दादा रोज सकाळी चहाच्या आधी बॉनेट उघडायचे, पाणी बघायचे, ऑइलची पट्टी बाहेर काढून फडक्यानं पुसायचे, परत बुडवायचे आणि परत काढायचे. दोनदा कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, ‘पहिल्यांदा ती इकडचं तिकडचं सांगते. पुसून घातली की खरं बोलते.’ कधी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवून त्याची मूठ कानाशी धरायचे. मलाही ऐकू द्यायचे. आत कुणीतरी शिलाई मशीन चालवतंय असं वाटायचं. कोण आहे आत, असं मी बराच काळ मनातल्या मनात विचारत असे.

अशा घरातली मुलगी मी, आणि लग्न झालं ते लष्करी वर्कशॉपमधल्या तपासनिसाशी. तीस वर्षं पप्पांनी दुसऱ्यांच्या गाड्या तपासल्या. गाडी ठीक असेल तर कागदावर सही, नसेल तर काचेवर लाल खडूची फुली. फुली पडलेली गाडी मागच्या मैदानात जाऊन उभी राहायची, ती लिलावालाच बाहेर पडायची. तू चार वर्षांची असताना माझ्या करपलेल्या भाकरीच्या ताटावर लाल खडूनं फुली मारली होतीस, आणि पप्पा हसून हसून लोळले होते, ते आठवतंय? असा माणूस. रिटायर झाल्यावर त्यांनी ही जुनी फियाट घेतली, तेव्हा पहिली चार वर्षं वर्षातून दोनदा ती बाजाराच्या टोकाला अब्दुलमिस्त्रींच्या गॅरेजमध्ये न चुकता जायची. अब्दुलमिस्त्री दोन वर्षांपूर्वी गेले, आता मुलगा मुजफ्फर गॅरेज बघतो. तो माझ्या हाताखाली चौथीला होता, भागाकारात कच्चा आणि हातानं हुशार. पण मागच्या दिवाळीपासून गाडी त्याच्याकडे एकदाही गेली नाही. ऑइल बदललं नाही, टायर गुळगुळीत झाले, वायपर तर नुसता काच चाटतो. मी काही म्हटलं की पप्पा वर्तमानपत्र वर करायचे.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही मिरजगावला रंगनाथ भाऊजींकडे गेलो होतो. त्यांच्या जीपचं तुला ठाऊक आहेच. तीन वर्षं झाली, ती ढकलल्याशिवाय चालू होत नाही, म्हणून भाऊजी ती नेहमी उतारावर उभी करतात. मी विचारलं, दुरुस्त का करत नाही? तर जाऊबाई म्हणाल्या, ‘काय सांगू तुमाला, जिथं उतार न्हाई तिथल्या लग्नाला आमी जातच न्हाई.’ भाऊजींना त्याचं काहीच वाटत नाही, उलट अभिमान आहे. आमची फियाट बघून त्यांनी पप्पांना चिमटा काढला, ‘दादा, आमचं ठीक हाय, आमी अडाणी. पन तुमी वर्कशॉपचं मानूस, आन् गाडी आमच्यावानी?’ पप्पा हसले, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

परतीच्या वाटेवर पुढं कांद्याच्या गोण्यांची ट्रॉली चालली होती. ट्रॅक्टरवाल्यानं अचानक गाडी थांबवली. आणि शुभा, पप्पांनी आधी मान खाली घातली. मला वाटलं, त्यांचं काहीतरी पडलं, ते शोधताहेत. मग ब्रेक लागला. गाडी थांबली तेव्हा आमच्यात आणि ट्रॉलीत वीतभर जागा होती. गोण्यांवरच्या सुतळीच्या गाठी मला स्वच्छ दिसत होत्या. वर सगळा जळका वास. पप्पांनी कपाळ पुसलं आणि म्हणाले, ‘ब्रेकच धरत नाहीत या गाडीचे.’ मी म्हटलं, उद्याच मुजफ्फरला दाखवू. तर म्हणाले, ‘बघू दिवाळीनंतर.’ दिवाळीनंतर! आणि दिवाळीच्या आधी त्याच गाडीत पोटुशी लेक बसवून कामरगावचा घाट चढायचा होता. ब्रेक धरत नाहीत असं स्वतःच्या तोंडानं म्हणणारा तपासनीस गाडी दाखवायला का तयार नाही? तुझी काळजी तर होतीच, पण खरं सांगते, त्याहून जास्त मला हे कोडं स्वस्थ बसू देईना.

पहिल्यांदा मला वाटलं, हे दसऱ्याचं असणार. आपल्या आळीत दसऱ्याला सगळे गाड्या धुतात, पुसतात, हवा भरतात, हार घालतात. आपण छप्पन साली दीक्षा घेतल्यावर पूजा सोडली, ती सोडायलाच हवी होती. पण त्या पूजेबरोबर वर्षातून एकदा गाडीखाली वाकून बघायचंही आपल्या घरानं सोडून दिलं की काय, असं माझ्या मनात आलं. पप्पांना म्हटलंसुद्धा, चौदा ऑक्टोबरला आपण विहार धुऊन काढतो, त्याच दिवशी गाडी धुवायला काय हरकत आहे? ते म्हणाले, ‘कल्पना चांगली आहे, समितीपुढं मांड.’ पण मग पहिली चार वर्षं गाडी गॅरेजमध्ये कशी जात होती? हा तर्क बाद. मग वाटलं, तीस वर्षं तेच केलं, माणसाला वीट आला असेल. पण शेजारच्या बायडाबाईंच्या मुलाची स्कूटर ते अजून आवाजावरून ओळखतात आणि चेन सैल झाली म्हणून सांगतात. म्हणजे वीट नाही. तोही तर्क बाद.

शेवटी मी स्वतःच बॉनेट उघडलं. पप्पा बँकेत गेले होते. ऑइलची पट्टी काढली, पुसली, परत घातली, परत काढली. ऑइल काकवीसारखं काळं आणि तळाला गेलेलं. मग इंजिन चालू करून स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. अठ्ठावन्नाव्या वर्षी, नऊवारीत नव्हे तरी पाचवारीत. बायडाबाई कुंपणावरून बघत होत्या. म्हणाल्या, ‘काय वो बाई, ताप आलाय व्हय गाडीला? काढा घालू का करून?’ मी म्हटलं, ताप कुणाला आलाय तेच बघतेय. हसण्यावारी म्हटलं, पण नंतर ते वाक्य मलाच आठवत राहिलं.

चौदा ऑक्टोबरला पप्पा दिवसभर विहारात होते. मी मुजफ्फरला निरोप पाठवला होता. तो आला, अंगणात पोतं अंथरून गाडीखाली शिरला, चाकं काढली, गल्लीतून एक फेरी मारून आला. मी शेजारी पाटावर बसून एकेक गोष्ट विचारत होते आणि तो चौथीतल्यासारखा उभा राहून उत्तरं देत होता. ऑइल खराब. टायर बाद. पाणी कमी. क्लचची प्लेट जळून काळी झालेली. मी म्हटलं, आणि ब्रेक? तो हात पुसत म्हणाला, ‘बाई, ब्रेक तर एकदम झकास हाय. त्याला हातबी लावायची गरज न्हाई.’ मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, ‘बाई, भागाकार चुकंल माझा, ब्रेक न्हाई चुकायचा.’ म्हणजे गाडीत सगळं बिघडलं होतं, फक्त पप्पा ज्याला नावं ठेवत होते तेवढंच शाबूत होतं. मी विचारलं, क्लच कशानं जळतो? तर म्हणाला, क्लचवर पाय ठेवून गाडी चालवली की. शिकाऊ लोक करतात तसं. पप्पा काही शिकाऊ नव्हेत. त्यानं बॉनेट बंद केलं. मग म्हणाला, ‘बाई, आता चक्कर मारायला साहेबच पायजेत.’

ही चक्कर म्हणजे अब्दुलमिस्त्रींची रीत. गाडी दुरुस्त झाली की मालकानं स्वतः चालवायची, मिस्त्री शेजारी बसायचा, आणि त्यानं रस्त्याकडे न बघता मालकाच्या पायांकडे बघायचं. त्याशिवाय किल्ली द्यायची नाही. अब्दुलमिस्त्रींचं म्हणणं असं की निम्मा बिघाड चालवणाऱ्याच्या पायात असतो. मुजफ्फरनं ती रीत तशीच चालू ठेवली आहे. तो म्हणाला, मागच्या दिवाळीला साहेबांनी पहिल्यांदाच चक्कर मारली नाही. घाई आहे म्हणाले, रिक्षानं घरी गेले, आणि गाडी त्यालाच आणून लावावी लागली. तेव्हापासून साहेब गॅरेजवरून जाताना तिकडे बघत नाहीत. हे ऐकताना मी पाटावरून उठले. मला चप्पल आठवली होती. गणपतीच्या सुमारास पप्पा संध्याकाळच्या फेरफटक्याहून एका पायात चप्पल घालून आले होते. म्हणाले, अंगठा तुटला, फेकून दिली. दुसऱ्या दिवशी ती मला रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या नळापाशी सापडली, अंगठा धडधाकट. म्हणजे चप्पल पायातून निसटली आणि अनवाणी डांबरावरून चालत घरी येईपर्यंत त्यांना ते कळलंच नव्हतं. शुभा, त्यांना आठ वर्षं शुगर आहे. पुढचं तुला मी सांगायला नको.

मी त्यांच्यावर काही ओरडले नाही. दसरा झाल्यावर मुजफ्फर येऊन गाडी घेऊन गेला. पप्पा चिडले. ‘मला न विचारता?’ म्हणाले. मी म्हटलं, तपासनिसाची बायको आहे, तपासणी केली. शनिवारी आम्ही दोघं गाडी आणायला गेलो. गॅरेजपुढं चार-पाच माणसं चहा पीत बसली होती. मुजफ्फरनं दार उघडून धरलं आणि अदबीनं म्हणाला, ‘साहेब, एक चक्कर.’ पप्पा म्हणाले, राहू दे. तो म्हणाला, ‘अब्बाची रीत हाय साहेब, मला मोडता येत न्हाई.’ इतक्या लोकांसमोर पप्पा नाही कसं म्हणणार? बसले. मी मागं बसले. मोकळ्या मैदानाला आम्ही एक वळसा घातला. मुजफ्फर खाली बघत होता आणि मी मुजफ्फरकडे. थोडं पुढं गेल्यावर तो अगदी हळू म्हणाला, ‘साहेब, क्लच नवा हाय. जरा पाय सोडा.’ पप्पा समोर बघत म्हणाले, ‘सोडलाय की.’

मी मागून डोकावले. त्यांचा डावा पाय क्लचवर होता, निम्मा दाबलेला, आणि त्यांना तो जमिनीवर आहे असं वाटत होतं. मग पप्पांनी मान खाली घातली, जशी त्या ट्रॉलीमागं घातली होती, आणि स्वतःचा पाय बघितला. बघून तो उचलला. दुसरा पाय ब्रेकवर आहे का तेही बघितलं. गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून मुजफ्फरच्या हातात दिली. ‘ब्रेक ठीक आहेत,’ म्हणाले. मुजफ्फर म्हणाला, ‘व्हय साहेब. ब्रेक पयल्यापासून ठीकच हुते.’ परत येताना मुजफ्फरनं गाडी चालवली. पप्पा त्याच्या शेजारी हात मांडीवर ठेवून बसले होते.

घरी आल्यावर ते आपल्या खुर्चीत जाऊन बसले. मग आपणहून म्हणाले, वर्ष झालं, पायांना कापूस गुंडाळल्यासारखा वाटतो. उजव्याचं जरा बरं आहे. मी विचारलं, सांगितलं का नाही? तर म्हणाले, ‘फुली पडलेली गाडी कुठं जाते ते मला माहीत आहे.’ मी म्हटलं, अहो, मी काय तुम्हाला लिलावात काढणार आहे? त्यावर थोडं हसले. पण डॉक्टरांकडे चला म्हटलं की मान हलवतात. आपले डॉक्टर विहाराच्या समितीवर, सकाळी पाय दाखवला तर संध्याकाळपर्यंत सगळ्या भिंगारला कळेल, हे त्यांचं म्हणणं. मी मोजे काढून बघायला गेले तर पाय पोटाशी घेतले. आणि वर बजावलं, ‘शुभाला कळवू नकोस. अशा दिवसांत तिला काळजी नको.’ मी हो म्हटलं. आयुष्यात त्यांना दिलेला शब्द मी फार वेळा मोडलेला नाही.

आज मोडते आहे, आणि त्याचं कारण सांगते. गाडी आता उत्तम आहे, तुझ्यासाठी तिची मला काळजी उरली नाही. रविवारी सकाळी सातला आम्ही निघू, मुजफ्फर चालवील. तुझ्या दारात उतरल्यावर पप्पा तुला सांगतील, ‘नवा क्लच बसवलाय, म्हणून मिस्त्रीला बरोबर आणलं.’ हे वाक्य ते दोन दिवस आरशासमोर म्हणताहेत. तू ‘बरं केलंत’ एवढंच म्हण. चेहऱ्यावर काही दिसू देऊ नकोस. मग चहापाणी झालं की तू त्यांची लेक राहू नकोस, वॉर्डातली सिस्टर हो. त्यांना पलंगावर बसव, मोजे काढायला सांग आणि दोन्ही तळवे नीट बघ, कुठं जखम आहे का, टोचलेलं कळतं का. त्या तळव्यांवर चार महिन्यांनी एका छोट्या जिवाला घेऊन अंगणभर फिरायचं आहे, आणि त्यांना दुसरी कुठली हौस उरलेली नाही. त्यांनी का म्हणून विचारलं, तर सांग, ज्यांना बाळ कडेवर घ्यायचंय त्या सगळ्या आजोबांचे पाय आधी तपासायचे असा आमच्या हॉस्पिटलचा नियम आहे. नाही असा नियम, मला माहीत आहे. पण नियम आहे म्हटलं की ते पाय पुढं करतील.

तुझीच, आणि या खेपेला तुझ्याच भरवशावर असलेली,
आई